शेड्युलिंगसाठी अ‍ॅनीलर, एफपीजीए की जीपीयू? आधी सॉल्व्हरचा लॉग उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २० जॉब, २० मशिन. प्रत्येक जॉब प्रत्येक मशिनवर एकदा जातो, पण जॉबागणिक क्रम वेगळा. एका कामाला सरासरी १० मिनिटं लागतात आणि सगळं ८ तासांच्या पाळीत, शक्य तितक्या लवकर संपेल असं बसवायचं आहे. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम, यावर दोन तास घेतो. क्वांटम अ‍ॅनीलर, डिजिटल अ‍ॅनीलर (दोन्ही कमीत कमी 'ऊर्जे'ची स्थिती शोधून उत्तर काढणारी यंत्रं), एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणारी चिप) किंवा जीपीयू (हजारो साधे हिशेब एकदम करणारी चिप) लावला तर हे काम सेकंदांवर येईल का, आणि पैसे घालायचे तर यातल्या कशात घालावेत?

माझं उत्तर: आत्ता कशातच घालू नका. मी स्वतः एफपीजीएवर ऑप्टिमायझेशनचे अल्गोरिदम बसवण्याचं काम करतो, त्यामुळे हा सल्ला देताना माझ्याच पोटावर पाय येतोय. पण तुमच्या प्रश्नाची घडण या यंत्रांना मानवणारी नाही. का मानवत नाही हे एकदा कळलं की कुठला प्रश्न मानवेल हेही ओळखता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दोन तासांचं बघू. सीपी-सॅटसारखा सॉल्व्हर एकाच वेळी दोन कामं करत असतो. एक, चांगलं वेळापत्रक शोधणं. दुसरं, यापेक्षा चांगलं असूच शकत नाही हे सिद्ध करणं. लॉग चालू करून बघा. प्रत्येक नवं उत्तर कितव्या सेकंदाला सापडलं आणि खालची मर्यादा (याहून लवकर संपणं शक्यच नाही असा सिद्ध झालेला वेळ) कुठवर वर आली हे तिथे ओळीनं छापलेलं असतं. जॉब-शॉपमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या जॉब-मशिनच्या प्रश्नांत, नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे चांगलं उत्तर पहिल्या काही मिनिटांत हाती येतं आणि उरलेला सगळा वेळ सिद्धतेत जातो. फिशर आणि थॉम्पसन यांचा १९६३ सालचा १० जॉब, १० मशिनचा प्रश्न या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्याचं सर्वोत्तम उत्तर ९३० एकक वेळ आहे हे कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलं, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी. आज तोच प्रश्न साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत सिद्धतेसकट सुटतो, तेही कुठल्याही खास चिपशिवाय. तुमचा २० गुणिले २० चा आकार मात्र अजूनही अवघडच गणला जातो.

आता मुद्दा असा की अ‍ॅनीलर जातीचं कुठलंही यंत्र सिद्धता देत नाही. ते फक्त उत्तर देतं, आणि ते किती चांगलं आहे हे तुमचं तुम्ही ठरवायचं. म्हणजे तुम्हाला सिद्धता हवी असेल तर ही यंत्रं बादच. आणि नको असेल तर सीपी-सॅटला पाच मिनिटांची वेळमर्यादा घाला, तुमचे दोन तास फुकटात वाचतील.

आता ही यंत्रं आतून काय करतात ते पाहू. बहुतेकांच्या मुळाशी आयसिंग मॉडेल आहे: प्रत्येक व्हेरिएबल अधिक एक किंवा उणे एक, कुठल्याही दोन व्हेरिएबलमध्ये एक जोडणी आणि तिचं वजन, आणि सगळ्यांची मिळून एक ऊर्जा, जी कमीत कमी करायची. शून्य-एक व्हेरिएबल घेतले की त्यालाच क्युबो म्हणतात. एकातून दुसऱ्यात जाणं शाळेच्या बीजगणिताचं काम आहे. त्रिमितीय जाळीवरच्या आयसिंग मॉडेलची किमान ऊर्जा शोधणं एनपी-हार्ड (आकार वाढला तरी नेहमी झटपट सुटेल अशी पद्धत माहीत नसलेलं) आहे हे बाराहोना यांनी १९८२ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी किर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेकी यांनी, तापलेला धातू हळूहळू थंड होण्याची नक्कल करून उत्तर शोधणारं, सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग मांडलं. २०१४ मध्ये अँड्र्यू लुकास यांनी अनेक नामांकित एनपी प्रश्न आयसिंग रूपात कसे लिहायचे ते एका जागी आणलं, आणि तिथून 'कुठलाही प्रश्न आणा, आमची चिप सोडवेल' ही भाषा सुरू झाली. त्या भाषेत खोटं काही नाही, फक्त किंमत सांगितलेली नसते.

सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगचं सगळ्यात आतलं लूप डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक बिटासाठी एक आकडा जपून ठेवलेला असतो: हा बिट उलटवला तर ऊर्जा किती बदलेल. एक बिट निवडायचा, तो आकडा बघायचा, तापमानानुसार होय-नाही ठरवायचं. 'नाही' असेल तर काम संपलं. 'होय' असेल तर त्या बिटाला जोडलेल्या सगळ्या बिटांचे आकडे दुरुस्त करायचे. सगळे सगळ्यांना जोडलेले असतील आणि बिट ८ हजार असतील, तर एका उलटण्यापायी ८ हजार बेरजा. साध्या प्रोसेसरला त्या एकामागून एक किंवा आठ-सोळाच्या गटांत कराव्या लागतात. खास चिपवर प्रत्येक बिटापाशी स्वतःचा अ‍ॅडर बसवता येतो, मग सगळ्या बेरजा मोजक्या क्लॉकमध्ये उरकतात. शिवाय तापमान उतरलं की बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात आणि प्रोसेसर नुसता 'नाही, नाही' म्हणत फिरत राहतो. फुजित्सूच्या डिजिटल अ‍ॅनीलरमध्ये सगळ्या बिटांचा होय-नाही एकाच वेळी काढला जातो आणि 'होय' आलेल्यांतून एक उचलला जातो. वेग खराखुरा इथून येतो, आणि यात क्वांटम काहीही नाही.

अडचण कुठे येते तर मेमरीत. ८,१९२ बिट आणि प्रत्येक जोडणीला १६ बिटांचं वजन धरलं तर पूर्ण तक्ता १३४ एमबीचा होतो. तो चिपवर, अ‍ॅडरच्या कुशीतच हवा; बाहेरच्या मेमरीतून आणायचा म्हटलं की सगळा फायदा तिथेच संपतो. बिट दुप्पट केले की तक्ता चौपट. डिजिटल अ‍ॅनीलरची पहिली आवृत्ती १,०२४ बिटांची आणि दुसरी ८,१९२ ची का होती, याचं निम्मं उत्तर या गुणाकारात आहे. हिताचीनं २०१५ मध्ये उलटा मार्ग धरला: २० हजार स्पिन (आयसिंगचे अधिक-उणे व्हेरिएबल), पण प्रत्येकाला फक्त जवळचे शेजारी. मेमरी वाचली, जोडण्या गेल्या.

डी-वेव्हचं यंत्र खरोखर क्वांटम आहे, १५ मिलिकेल्विनच्या आसपास चालतं, आणि त्याचंही मुख्य दुखणं जोडण्यांचंच. २०१७ च्या २०००क्यू मध्ये २,०४८ क्युबिट (क्वांटम बिट) होते, पण एक क्युबिट जास्तीत जास्त ६ जणांना जोडलेला. २०२० च्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये ५ हजारांहून जास्त क्युबिट आणि प्रत्येकी १५ जोडण्या. तुमच्या प्रश्नात एका व्हेरिएबलला शंभर शेजारी असतील तर अनेक क्युबिट एका साखळीत बांधून त्यांचा एक व्हेरिएबल करावा लागतो. सगळे सगळ्यांशी जोडलेले असा प्रश्न घेतला तर २०००क्यूवर सुमारे ६४ व्हेरिएबल मावतात आणि अ‍ॅडव्हान्टेजवर १८० च्या आसपास. पत्रकात ५ हजार छापलेले असतात. त्यात साखळी मधेच तुटली, म्हणजे तिचे काही क्युबिट शून्य आणि काही एक निघाले, की बहुमतानं निकाल लावायचा. हे सगळं चालतं, पण साखळ्या लांबल्या की बरोबर उत्तर येण्याची शक्यता झपाट्यानं घसरते.

प्रकाशावर चालणारं कोहेरंट आयसिंग मशीन दिसायला फार देखणं. २०१६ मध्ये जपानमधल्या गटानं एक किलोमीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबरच्या वेटोळ्यात फिरणाऱ्या स्पंदांवर २ हजार स्पिन चालवून दाखवले, २०२१ मध्ये १ लाख. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: स्पिनांमधल्या जोडण्यांचा गुणाकार त्यात प्रकाश करत नाही, बाजूला ठेवलेला एफपीजीए करतो. आमच्यासारख्यांना हे वाचून गुदगुल्या होतात.

मला स्वतःला या सगळ्यात तोशिबाचं सिम्युलेटेड बायफर्केशन सर्वांत उजवं वाटतं. २०१९ मध्ये गोतो, तात्सुमुरा आणि डिक्सन यांनी ते प्रसिद्ध केलं. स्पिनांऐवजी सतत बदलणारी स्थान-वेगाची जोडी घ्यायची आणि न्यूटनसारखी समीकरणं पावलापावलानं पुढे न्यायची. शेवटी प्रत्येक स्थान अधिक की उणे एवढंच पाहायचं. अ‍ॅनीलिंगमध्ये दोन जोडलेले बिट एकाच वेळी उलटवता येत नाहीत, कारण एकाचा हिशेब दुसऱ्यावर अवलंबून असतो. इथे मात्र सगळे एकदम हलतात आणि प्रत्येक पाऊल म्हणजे एक मॅट्रिक्स गुणिले व्हेक्टर. हे काम एफपीजीए आणि जीपीयूच्या हातचा मळ आहे. २ हजार स्पिनांच्या पूर्ण जोडलेल्या मॅक्स-कटवर (जाळ्याचे दोन गट असे पाडायचे की गटांमधल्या जोडण्यांचं वजन सर्वांत जास्त होईल) त्यांच्या एका एफपीजीएला चांगल्या उत्तरापर्यंत पोचायला अर्धा मिलिसेकंद लागला. कल्पना क्वांटम प्रणालीच्या अभ्यासातून आली, पण चालते ती बाजारात मिळणाऱ्या चिपवर.

मग तुमचं शेड्युलिंग यात घालून बघू, कारण खरी मेख इथे आहे. नेहमीची पद्धत अशी: प्रत्येक कामासाठी, प्रत्येक मिनिटासाठी एक बिट. 'हे काम या मिनिटाला सुरू झालं' असेल तर एक, नाहीतर शून्य. ४०० कामं, ४८० मिनिटं, म्हणजे १ लाख ९२ हजार बिट. आधीच्या-नंतरच्या कामांचा वेळ वजा करून प्रत्येक कामाची खिडकी आवळली तरी १ लाख १२ हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे वर सांगितलेल्या १ लाख स्पिनांच्या यंत्रातही तुमची एक पाळी मावत नाही. आणि हे फक्त बिटांचं झालं. न आवळलेल्या हिशेबात 'प्रत्येक काम एकदाच सुरू व्हावं' या अटीसाठी एका कामाच्या ४८० बिटांमधली प्रत्येक जोडी जोडावी लागते: १ लाख १४ हजार ९६० जोडण्या, गुणिले ४००, म्हणजे साडेचार कोटींहून जास्त. 'एका मशिनवर दोन कामं एकदम नकोत' यासाठी आणखी साडेतीन कोटींच्या घरात. जॉबमधल्या क्रमासाठी परत साडेचार कोटी. साडेबारा कोटी वजनं, प्रत्येकी ८ बाइट धरले तर १ जीबी. हाच प्रश्न सीपी-सॅटमध्ये ४०० इंटरव्हल, २० 'एकमेकांवर येऊ नका' अटी आणि ३८० क्रमाच्या अटी एवढाच आहे. ती फाइल काही किलोबाइटची.

बरं, एवढं करूनही 'सगळं लवकरात लवकर संपवा' हे उद्दिष्ट सरळ लिहिता येत नाही, कारण ते सगळ्या कामांच्या शेवटाचं मॅक्सिमम आहे आणि क्युबोला फक्त दोन-दोन व्हेरिएबलांचे गुणाकार कळतात. मग ३४० मिनिटांत बसतं का, ३३० मध्ये बसतं का असं विचारत जायचं, आणि दर वेळी नवा क्युबो चढवायचा. त्यातही यंत्रानं 'बसलं नाही' म्हटलं तर खरंच बसत नाही की यंत्राला सापडलं नाही, हे कळायला मार्ग नाही.

अटी पेनल्टीच्या रूपात, म्हणजे मोडल्या की ऊर्जा वाढेल अशा, घातल्यामुळे आणखी एक दुखणं उभं राहतं. एखादं काम १०.१५ वरून १०.२० ला न्यायचं तर एक बिट बंद आणि दुसरा चालू, म्हणजे दोन उलटणी. मधल्या पायरीवर ते काम एकतर सुरूच होत नाही किंवा दोनदा सुरू होतं, आणि पेनल्टी पूर्ण बसते. एका वैध वेळापत्रकातून दुसऱ्याकडे जायला दर वेळी हा डोंगर चढायचा. पेनल्टी कमी ठेवली तर यंत्र अटी मोडून स्वस्तातली उत्तरं देतं. जास्त ठेवली तर पहिल्या वैध उत्तरालाच चिकटून बसतं. शिवाय पेनल्टी मोठी आणि खऱ्या उद्दिष्टाचे आकडे छोटे असले की मोजक्या बिटांच्या अचूकतेत छोटे आकडे वाहून जातात, आणि अ‍ॅनलॉग यंत्रात तर ते गोंगाटातच बुडतात.

अशीच गत प्रवासी विक्रेत्याच्या प्रश्नाची, म्हणजे सगळी शहरं एकेकदा फिरून परतण्याचा सर्वांत छोटा मार्ग शोधण्याची. डँट्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी १९५४ मध्ये ४९ शहरांचा सर्वोत्तम मार्ग कागदावर, हातानं काढला, सिद्धतेसह. त्याच ४९ शहरांचा क्युबो केला, एक शहर आधीच पक्कं केलं तरी, २,३०४ बिट लागतात, आणि दोन शहरांची अदलाबदल म्हणजे चार उलटणी. २००६ मध्ये कॉनकॉर्ड या प्रोग्रॅमनं ८५,९०० ठिकाणांचा प्रश्न सिद्धतेसह सोडवला. ८५,९०० चा वर्ग काय होतो ते कॅल्क्युलेटरवर पाहा.

ही यंत्रं विकणाऱ्यांचे आकडे वाचताना दोन गोष्टी तपासा. पहिली, तुलना कशाशी केली. २०१५-१६ मध्ये गूगलनं डी-वेव्हवर १० कोटी पटींचा वेग दाखवला. तो खरा होता. पण प्रतिस्पर्धी होता एका कोअरवरचा सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग, आणि प्रश्न मुद्दाम त्या यंत्राला सोयीचा घडवलेला होता. दुसरी, वेळ कशाची मोजली. डी-वेव्हवर एक अ‍ॅनील २० मायक्रोसेकंदांत होतो, पण त्यात यंत्र प्रोग्रॅम करणं, वाचन, नेटवर्क आणि एम्बेडिंग (कुठला व्हेरिएबल कुठल्या क्युबिटांवर बसवायचा ते) शोधणं धरलेलं नसतं. योग्य माप म्हणजे ९९ टक्के खात्रीनं उत्तर मिळायला लागणारा एकूण वेळ. एका धावेत यशाची शक्यता १ टक्का असेल तर त्या खात्रीसाठी ४५९ धावा लागतात. धाव एक मिलिसेकंदाची असली तर ४५९ मिलिसेकंद धरा, एक नव्हे. आणि यशाची शक्यता तुमच्याच प्रश्नांवर मोजा. प्रात्यक्षिकातले मॅक्स-कटचे आलेख तुमच्या वर्कशॉपसारखे नसतात.

जीपीयूची गोष्ट थोडी वेगळी आहे. लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी (ज्यात उद्दिष्ट आणि अटी सगळ्या सरळ रेषेच्या असतात) नेहमीची सिम्प्लेक्स पद्धत जीपीयूवर कधीच नीट बसली नाही, कारण तिचं एक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून असतं आणि मॅट्रिक्स विरळ असतात. पण २०२१ मध्ये गूगलच्या मंडळींनी पीडीएलपी आणलं, ज्याचं आतलं काम नुसतं मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकारांचं आहे. पुढे ते जीपीयूवर गेलं आणि प्रचंड मोठ्या लिनियर प्रश्नांवर खरोखर उपयोगी ठरलं. तुमचा प्रश्न लाखो व्हेरिएबलांच्या वाहतूक-नियोजनाचा असता तर मी जीपीयू घ्या म्हटलं असतं. जॉब-शॉपमध्ये मात्र सॉल्व्हरचा जीव अटींच्या प्रसारात (एक गोष्ट ठरली की तिच्यामुळे आणखी काय ठरतं ते काढण्यात) आणि शिकलेल्या नव्या अटींत असतो. ते काम म्हणजे मेमरीत इकडून तिकडे पॉइंटरमागे पळणं. त्यात गुणाकार जवळपास नसतातच. सॅट (खरं-खोटं अटींच्या) सॉल्व्हरांच्या या भागासाठी एफपीजीए बनवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालू आहेत. समजा तो भाग ८० टक्के वेळ खातो आणि तुम्ही तो शून्यावर आणला, तरी एकूण वेग पाचपटच वाढणार. दरम्यान सॉफ्टवेअरवाले स्वस्थ बसत नाहीत. रॉबर्ट बिक्सबी यांच्या मोजणीनुसार सीप्लेक्स या सॉल्व्हरच्या १९९१ च्या आवृत्तीपासून २००७ च्या आवृत्तीपर्यंत, एकाच मशिनवर, मिक्स्ड इंटिजर प्रश्न (ज्यात काही व्हेरिएबल पूर्णांकच असावे लागतात) सुटण्याचा वेग सुमारे २९ हजार पट वाढला. चिप बनवायला दोन वर्षं घेणाऱ्यानं या आकड्याची भीती बाळगावी.

मग खास हार्डवेअर कुठेच चालत नाही का? चालतं, आणि फार जुनं चालतं, फक्त त्याला कुणी 'ऑप्टिमायझेशन अ‍ॅक्सलरेटर' म्हणत नाही. १९६७ चा व्हिटर्बी अल्गोरिदम घ्या: जाळीतला सर्वांत स्वस्त मार्ग शोधणं हा अस्सल कॉम्बिनेटोरियल प्रश्न, आणि 'बेरीज करा, तुलना करा, एक निवडा' एवढं करणारी सर्किटं जीएसएम फोनांत कोट्यवधींनी गेली. नेटवर्क स्विचमध्ये कुठलं इनपुट कुठल्या आउटपुटला जोडायचं हे प्रत्येक सेलच्या (माहितीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) वेळेत ठरवणारं आयस्लिप घ्या. निक मॅक्किओन यांचा तो मॅचिंगचा अल्गोरिदम सरळ चिपमध्ये आहे. या दोन्हींत समान काय? प्रश्नाचा आकार कायमचा ठरलेला, सेकंदाला लाखो वेळा तोच प्रश्न नव्या आकड्यांनी येतो, उत्तर मायक्रोसेकंदांत नाही आलं तर ते निरुपयोगी, आणि हार्डवेअर त्या प्रश्नाच्या स्वतःच्या रचनेवरून घडवलेलं, क्युबोच्या साच्यात कोंबलेलं नाही. परकीय चलनाच्या बाजारात भावांतल्या फटी शोधण्यासाठी तोशिबाच्या गटानं एफपीजीएवर बायफर्केशन लावून दाखवलं, तेही याच जातीचं काम. चलनं मोजकी, भाव सतत बदलते, आणि उशीर म्हणजे संधी गेली. तुमचं वेळापत्रक पाळीला एकदा लागतं.

तेव्हा पुढच्या आठवड्यात हे करा. लॉगमधून चांगल्या उत्तराची वेळ आणि सिद्धतेची वेळ वेगळी काढा. उत्तर पाच मिनिटांत येत असेल तर तिथेच थांबवा. सिद्धताही हवी असेल तर उत्तर आणि खालची मर्यादा यांत किती टक्के अंतर चालेल ते वर्कशॉपमध्ये विचारा. कामांच्या वेळाच दोन-तीन मिनिटांनी पुढेमागे होत असतील तर एक टक्का अंतराला अर्थ नाही. कालचं वेळापत्रक सॉल्व्हरला हिंट (सुरुवातीचा अंदाज) म्हणून द्या. सीपी-सॅट अनेक वर्कर समांतर चालवतो आणि प्रत्येकाची शोधण्याची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे कोअर वाढवल्याचा फायदा नुसत्या वेगापुरता नसतो; आठाच्या जागी सोळा, मग बत्तीस देऊन बघा. मेमरीची बँडविड्थ कमी असलेल्या स्वस्त सर्व्हरवर बत्तीस वर्कर सोळापेक्षा हळू चालू शकतात, तेही मोजा.

एवढं करून जर मशिन बंद पडल्यावर दर वेळी एका सेकंदाच्या आत नवं वेळापत्रक हवं असं निघालं, तर त्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नासाठी जीपीयूवरचा किंवा एफपीजीएवरचा लोकल सर्च (हातातल्या उत्तरात छोटे बदल करत ते सुधारणं) विचारात घेता येईल. तेव्हा बिघाडांच्या नोंदी, एका बिघाडानं किती कामं हलतात तो आकडा आणि सध्याच्या सॉल्व्हरला त्याला लागणारा वेळ घेऊन या, मग चिपचं बोलू.